उचापत्याचा श्वास

प्रिय ठकू,

हे पत्र हातात पडल्या पडल्या मला फोन करू नकोस. मी उचलणार नाही. बाबांनाही करू नकोस. ठकूला इतक्यात काही कळू द्यायचं नाही, असं मी त्यांना बजावून ठेवलंय, आणि त्यांचं तुला माहीतच आहे. काही लपवायला सांगितलं की ते आधी घसा खाकरतात आणि मग सगळं सांगून मोकळे होतात. आणि हो, मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस. गोष्टीच्या पुस्तकात चोर कोण ते आधी बघून मग पहिल्या पानावर येणारी तू! या पत्रातही एक चोर आहे. तो सापडेपर्यंत मी कुठे कुठे हिंडले ते तुला क्रमानेच कळलं पाहिजे, कारण त्या हिंडण्यात तू मला ठिकठिकाणी भेटलीस आणि दर वेळी तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याची खूण होती.

सुरुवात एका रविवारी सकाळी झाली. बाबा इस्त्री करत होते आणि मी टीव्हीसमोर मटार सोलत आपलीच कार्टून मालिका बघत होते. कॅप्टन धडाका महापौरांसमोर भाषणाला उभा राहतो आणि उचापत्या त्याच्या पाठीवरचा झगा खुर्चीच्या पायाला बांधून ठेवतो, तो भाग. कॅप्टन रुबाबात उडतो तो खुर्चीसकट, आणि आपलं भूत झुंबरावर बसून हसतं. इतकी वर्षं ते भूत मीच आहे. वय वर्षं आठ, मरून किती काळ लोटला ते मालिकेत कुणी सांगितलेलं नाही, आणि माझं स्वतःचं वय इथे लिहायची काही गरज नाही. तर उचापत्या हसला आणि माझ्या हातातला मटार घरंगळत सोफ्याखाली गेला. माझं हसू शेवटी खाली येतं, घसरगुंडीवरून पोर यावं तसं. हे हसू शेवटी वर चढलं. मी म्हटलं, हे मी केलेलं नाही. बाबा म्हणाले, "अगं, तुझंच आहे. इतकी वर्षं ऐकतोय, मला कळणार नाही होय?" आणि बोलण्याच्या नादात इस्त्री कॉलरवर तशीच राहिली. उजवा कान काम करत नाही आणि डाव्याने फक्त स्वतःला हवं ते ऐकतात, अशा माणसाची साक्ष मी धरत नाही.

आता कुणी म्हणेल, विसरली असेल. आमच्या कामात तसं होतं खरं. आवाज आधी आणि चित्र मागून. त्या गादीच्या भिंतींच्या खोलीत उभं राहून आपण काचेकडे बघत हसायचं, आणि कित्येक महिन्यांनी त्या हसण्याला तोंड आणि दात येणार. कुठलं हसू कधी दिलं ते कुणाच्या ध्यानात राहतं? म्हणून मी पुढचे मटार सोलायला घेतले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग मी डोळे उघडे ठेवून स्टुडिओत जायला लागले आणि पहिला संशय घेतला तो एकदाअजूनवर. तुम्ही पोरींनी त्या रेकॉर्डिस्टला दिलेलं हे नाव, पण आता त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारते म्हणे. पहिल्या भागापासून तो काचेपलीकडे बसलाय आणि माझी पहिली खेप त्याने आजवर कधी मान्य केलेली नाही. एका "अरेच्चा"साठी त्याने मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभं ठेवलं होतं. तोच माणूस गेले काही महिने पहिल्याच खेपेला अंगठा दाखवतो आणि म्हणतो, "झकास, ताई. पुढे." एकदा नाही, दोनदा नाही, रोज! मी बाहेर आले की खाली वाकून वायरी गुंडाळत बसतो. गुंडाळलेल्याच वायरी परत गुंडाळतो. म्हटलं, हा एक तर माझ्या प्रेमात पडलाय किंवा याला कुणीतरी फितवलंय. तोंड बघून प्रेम काही वाटलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यातच त्या शेंडीवाल्या दिग्दर्शकाने मला उचापत्याच्या आवाजात कसली कसली वाक्यं वाचायला लावली. घोडा तळ्याकाठी उभा आहे. माझी किल्ली कुठे ठेवली? मला खिडकीजवळची जागा हवी. कशाचा कशाशी संबंध नाही. मी विचारलं, भूत प्रवासाला निघालंय का? तर म्हणाला, माइक नवा आहे, तपासून बघतोय. मी काय काल जन्मले? आजकाल यंत्राला चार वाक्यं भरवली की ते हुबेहूब माणसासारखं बोलायला लागतं, हे मीही वाचलेलं आहे. माझी खात्रीच पटली. यांनी माझा आवाज यंत्रात घातला. आता पुढचं पर्व सुरू व्हायच्या आधी एक पुष्पगुच्छ देतील, चार शब्द बरे बोलतील आणि म्हणतील, आता विश्रांती घ्या. ठकू, खरं सांगते. तुझ्या बाबांच्या आधी नाही, पण त्यांच्या खालोखाल मला उचापत्याच जवळचा आहे. तो गेला तर मी सकाळी उठून करायचं काय?

आणि नेमकी त्याच आठवड्यात तू घरी आलीस. हातात थर्मास, त्यात गरम सूप, आणि येण्याला कारण काही नाही. तू आणि कारणाशिवाय! एरवी तुला आमच्याकडे यायला तुझ्या घरचं काहीतरी बिघडावं लागतं. वॉशिंग मशीन तरी, नाही तर नवऱ्याचं डोकं तरी. बसल्या बसल्या तीन वेळा विचारलंस, "आई, घसा कसा आहे?" मी बोलत होते आणि तू माझ्या डोळ्यांकडे न बघता गळ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, खाई त्याला खवखवे. ही वरच्या मजल्यावर बसून आम्हा सगळ्यांचे संवाद कापते, जोडते. त्या इमारतीत कुणी शिंकलं तरी हिला कळतं. म्हणजे माझ्या आवाजाचं काय झालंय ते हिला पक्कं ठाऊक आहे आणि म्हातारी ते कसं घेते ते बघायला ही आली आहे. तू गेल्यावर मी ते सूप प्यायले नाही. बाबांना दिलं. त्यांना काही झालं नाही, उलट आणखी आहे का म्हणून विचारत होते.

मध्येच माझा संशय त्या नव्या मुलीवरही जाऊन आला. ती बोलक्या फुलदाणीचा आवाज करते ना, ती. खाली मान, बारीक आवाज, गोगलगाय नि पोटात पाय. मी तिला मुद्दाम चहाच्या मशीनजवळ गाठली आणि बाबांनी दुसऱ्याच बाईच्या छत्रीत शिरून घरापर्यंत चालत आल्याचा किस्सा सांगितला. पोरगी हसली. नाकातून हसते गं ती, फुर्र करून. नाकातून हसणाऱ्या माणसाला उचापत्या जन्मात जमणार नाही. तिचं नाव मी त्याच दिवशी सोडून दिलं आणि वर तिला एक बिस्किटही दिलं.

मग मी सापळा लावला. कॅप्टनच्या बुटांत उचापत्या डिंक ओततो आणि कपाटात लपून हसतो, त्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग होतं. मी मुद्दाम वाईट हसले. न बोलावता आलेल्या पाहुण्याच्या विनोदाला हसावं तितपत, ओढूनताणून. एकदाअजूनने अंगठा दाखवला. मी मनात म्हटलं, सापडलास. पुढे त्या भागाची कच्ची चित्रं आवाज चढवून आम्हाला मोठ्या खोलीत दाखवली, तेव्हा तूही होतीस, दाराशी उभी. कपाटातून हसू आलं आणि खोलीतले सगळे हसले. पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस शिडीवर हसला. ते माझं त्या दिवशीचं हसू नव्हतं. ते माझं फार पूर्वीचं हसू होतं, गडगडत खाली येणारं, आणि या वेळी शेवटही खालीच उतरला होता. चोर सुधारत होता. माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं त्याला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तू दारात नव्हतीस.

आता इथे एक गोष्ट लिहिते, ती तेव्हा मी स्वतःलाही सांगत नव्हते. सापळा म्हणून मुद्दाम वाईट हसले असं मी म्हणत होते खरं. पण त्या दिवशी सकाळी न्हाणीघरात नळ सोडून मी चांगलं हसून बघितलं होतं. ते आलं नव्हतं.

ती खोली रिकामी झाली, एकदाअजून डबा घेऊन कुठेतरी निघून गेला, आणि मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत एवढं कळतं की कुठलं बटण दाबलं की वाजतं. हेडफोन लावला आणि कपाटातलं हसू परत ऐकलं. परत ऐकलं. आणि मग मला ते सापडलं. हसण्याच्या आधी, अगदी काठावर, एक श्वास होता.

तुला वेगळं सांगायला नको, तरी सांगते. हे काम मला मिळालं त्या दिवशी मी एकच गोष्ट ठरवली होती. पोरगं मेलेलं आहे, मग ते श्वास कसं घेईल? तेव्हापासून मी श्वास घ्यायला तोंड डाव्या खांद्याकडे वळवते, माइकला पाठ देऊन हवा भरून घेते आणि परत येते. त्यातूनही काही राहिलंच तर एकदाअजून कापून टाकतो. बघणाऱ्या पोरांना हे कळत नाही, पण उचापत्या बोलायला लागला की त्यांच्या अंगावर काटा येतो तो त्यामुळे. एवढ्या वर्षांत आपल्या भुताने एकदाही श्वास घेतलेला नाही. आणि आता घेतला होता. म्हणजे ते यंत्र नव्हतं. यंत्राने माझे जुने आवाज खाल्ले असते तर त्यात श्वास आला असता कुठून? जिवंत माणूस होतं कुणीतरी. (माइक खरंच नवा होता, हे मला मागाहून कळलं. शेंडीवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.)

आणि तो श्वास असा तसा नव्हता. आत जाताना अर्ध्यावर अडखळला होता आणि मग पुढे गेला होता. तो मी ओळखला. घरच्या पुढच्या खोलीतला तो जाड पडदा आठवतो? त्याच्यामागे तू लपायचीस. पाय आत घेतलेले, पोट आत ओढलेलं, सगळं चोख. फक्त बाहेर उडी मारून भॉक करायच्या आधी तुला श्वास घ्यावा लागायचा आणि तो नेमका अर्ध्यावर अडायचा. मला दर वेळी कळायचं. तरी मी दर वेळी दचकायचे, कधी तर हातातलं भांडं पाडायचे, आणि तू सगळ्या मजल्याला सांगत सुटायचीस की आई किती घाबरट आहे.

ठकू, ऐकून वाईट वाटेल, पण माझ्या मनात पहिल्यांदा माया आली नाही, संताप आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी यंत्रावर, शेंडीवाल्यावर, त्या गरीब फुलदाणीवर संशय घेत हिंडत होते आणि माझा आवाज उचलला होता माझ्याच पोटच्या पोरीने. वर सूप घेऊन येत होती! तुला हवंच होतं तर माझ्याकडे मागायचं होतंस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तुला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी जिने चढून वर आले. लिफ्टची वाट बघण्याइतकाही धीर नव्हता.

तुझ्या खोलीच्या दाराला ती गोल काच आहे ना, तिच्यातून मी आत बघितलं. भिंतीवर तू घरची गोधडी टांगली होतीस, माझ्या जुन्या कपड्यांची. टेबलावरच्या दिव्याच्या दांडीला एक छोटा माइक अडकवलेला होता. तू त्याच्यासमोर उभी होतीस. हेडफोनवर काहीतरी ऐकत होतीस, मग हसत होतीस, मान हलवत होतीस, परत ऐकत होतीस. दारातून आवाज येत नव्हता, मला नुसती तोंडं दिसत होती. आणि बाजूच्या स्टुलावर डबा उघडून, एकही घास न खाता, कोण बसला होता? प्रत्येक वेळी तो एक बोट वर करत होता. एकदा अजून. माझ्या वाटणीचे सगळे "एकदा अजून" तो तिथे तुझ्याकडून वसूल करत होता, आणि मला खाली झकास म्हणत होता. तू श्वासाला डाव्या खांद्याकडे वळत होतीस. एकदा विसरलीस, तर त्याने खांद्यावर चापट मारून दाखवली. तू परत हसलीस, पोटावर हात ठेवून, सगळं अंग हलवून. आणि मग हेडफोन काढलास आणि मनगटाने डोळे पुसलेस. पुसतच राहिलीस. त्याने डबा तुझ्यापुढे सरकवला.

रंगेहाथ पकडायला आलेली मी, पण दार ढकलायला माझा हात उचलला नाही. कपाटातलं वाईट हसू मी दिलं होतं आणि ते कुणी ऐकायच्या आत तू बदलून टाकलं होतंस. असं किती महिने चाललं होतं कुणास ठाऊक. मी जिन्यावर आले, मधल्या वळणावर कुणी नव्हतं, आणि उचापत्यासारखं हसून बघितलं. नुसती हवा आली आणि खाली खरखर. जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, एक माझा गळा तेवढा राहिला होता.

त्यानंतर मी घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकातून एक बारीक नळी घालून मला माझाच गळा पडद्यावर दाखवला. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातल्या एकीवर अर्ध्या मटाराएवढी गाठ आहे. त्यांनी विचारलं, आवाज बसल्याला किती दिवस झाले? मी म्हटलं, बसलेलाच नाही. तर शेजारून बाबा म्हणाले, "बरेच महिने झाले, डॉक्टर. मला वाटलं तिला माहीत असेल." त्या एका कानाच्या माणसालाही कळलं होतं! परत येताना ते बसमध्ये माझा हात धरून बसले आणि एकदाही घसा खाकरला नाही.

मग मी दिग्दर्शकाकडे गेले. बोलायची बंदी झाली होती, म्हणून कागदावर लिहून सगळं सांगितलं. त्या बापड्याला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही दोघांनी त्याला बेमालूम बनवलं होतं. त्याचा चेहरा उतरला आणि म्हणाला, मग पुढच्या पर्वाला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. मी त्याला दोन हसू लावून दिली, एक माझं जुनं आणि एक तुझं कपाटातलं, आणि लिहून विचारलं, यातलं माझं कुठलं? त्याने तुझ्या हसण्याकडे बोट दाखवलं. तेव्हा ठरलं. उचापत्या आता तुझा. मालिकेच्या शेवटी नावं येतात तिथे तुझं नाव येईल, माझ्या नावाआड नाही. नाही म्हणू नकोस. आणि मी आईची नक्कल करते, असंही म्हणू नकोस. हे काम मागायला मी गेले होते तेव्हा माझ्याकडे कसलाच आवाज तयार नव्हता. आदल्या दिवशी तू बाबांच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून पडद्यामागे हसत बसली होतीस, पुढचा दात पडलेला होता. मी तीच तू करून दाखवली. नक्कल मी करत होते गं, आणि तीही तुला न विचारता.

फोन उचलणार नाही म्हटलं ते रागाने नाही, मला बोलायची परवानगी नाही म्हणून. हे पत्र एकदाअजूनच्या हाती देते आहे. त्याला खाऊ घाल काहीतरी, पोटभर. परवा सकाळी गाठ काढणार आहेत. काढल्यावर ती तपासायला पाठवतील, मग कळेल ती कसली आहे. आवाज परत येईल का, आणि आला तर कुणाचा येईल, ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. मला भीती वाटते, ठकू. हे बाबांना सांगता येत नाही, ते स्वतःच रात्रीचे चार वेळा उठून पाणी पितात. इस्पितळात माझ्या खाटेभोवती एक पडदा आहे, हिरवा, आपल्या घरच्यासारखाच जाड. मला आत न्यायच्या आधी ये आणि त्याच्यामागे उभी राहा. काही बोलू नकोस, मला उत्तर देता येणार नाही. रडू तर मुळीच नकोस. आणि त्या दिवसापुरती डाव्या खांद्याकडे वळू नकोस. फक्त तो श्वास घे, अर्ध्यावर अडणारा. मी दचकेन.

तुझीच,
आई
(सध्या मुकी, पण कान शाबूत)